गाळ्यात रोबो आणताय? नव्या मालकांसाठी सुरक्षा मार्गदर्शिका

अभिनंदन! साकीनाक्याच्या गाळ्यात, नाहीतर बोरिवलीच्या टू बीएचकेत, एकदाचा रोबो आणायचं तुम्ही ठरवलंत. मेहुण्याने नावं ठेवली, सीएने कपाळाला हात लावला, तरी डगमगला नाहीत. आता राहता राहिला सुरक्षेचा प्रश्न.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्या. सुरक्षा दोन प्रकारची असते. एक अपघातापासूनची. तिला जाळ्या लागतात, सेन्सर लागतात, जागा लागते आणि मुख्य म्हणजे मशीन थांबवावं लागतं. दुसरी चौकशीपासूनची. तिला एक फाइल लागते. पहिलीचा खर्च लाखांत, दुसरीचं झेरॉक्सवाल्याकडे भागतं. खालच्या सगळ्या सूचना दुसरीसाठी आहेत. ज्यांना पहिली हवी असेल त्यांनी इथेच पान उलटावं. त्यांचा माल वेळेवर कसा जाणार, देव जाणे.

१. खरेदी करताना पिंजऱ्याचा विषय काढू नका.

मोठ्या कंपनीच्या लाइनवरून उतरवलेला सहा सांध्यांचा हात सेकंड हँड बाजारात मिळतो. विकणारा हात देतो, कंट्रोलरचं कपाट देतो, केबली देतो. जाळी, दार, दाराचा स्विच हे सगळं जुन्या जागी राहिलेलं असतं, कारण ते जमिनीत ठोकलेलं होतं. विचारलंत तर तो म्हणेल, "पिंजरा तो आप लोकल में बनवा लेना, शेठ." बनवून घेऊ, म्हणा आणि चहा मागवा.

हाताची पोच १.८ मीटर असली तर तो फिरताना ३.६ मीटरचं, म्हणजे जवळजवळ १२ फुटांचं वर्तुळ व्यापतो. तुमचा गाळा १० फूट रुंद आहे. हे गणित करत बसू नका. केलंत तर लक्षात येईल की त्या वर्तुळात प्रेस, डाय ठेवायची मांडणी, पाण्याचा माठ, गणपतीचा फोटो आणि हेल्परचं स्टूल एवढं सगळं येतं. यातलं हलवण्यासारखं काय आहे? एकटा हेल्पर. त्याला "जरा सांभाळून बस" एवढं सांगा. झालं प्रशिक्षण. तारीख लक्षात ठेवा, फाइलमध्ये लागेल.

२. रोबोला कामाला लावा, पण डोकी मोजताना धरू नका.

विजेवर चालणाऱ्या जागेला कारखाना म्हणायचं की नाही हे कायदा डोकी मोजून ठरवतो आणि ती मर्यादा २० ची आहे. समजा तुमच्याकडे २२ माणसं होती. रोबोने तिघांचं काम घेतलं, उरली १९. म्हणजे पूर्वीपेक्षा जास्त धोक्याचं यंत्र जागेत आलं, त्याच्याच कृपेने तुम्ही पुढे कारखाना असण्यातून सुटणार. हा फायदा रोबोच्या माहितीपत्रकात छापलेला नसतो, हा विक्रेत्यांचा विनय.

३. दाराची जीभ आपल्या ताब्यात ठेवा.

समजा जागा मोठी आहे, भांडुपला किंवा मरोळच्या एमआयडीसीत, आणि गिऱ्हाईक कंपनीच्या ऑडिटसाठी जाळी लावावीच लागली. हरकत नाही. जाळीच्या दाराला एक स्विच असतो. दारावर स्टीलची चपटी जीभ, चौकटीवर तिची खाच. दार लागलं की जीभ खाचेत जाते आणि रोबो चालतो. दार उघडलं की जीभ बाहेर येते आणि रोबो थांबतो. साधी योजना, त्यामुळे मोडायलाही साधी. सुटा भाग म्हणून तीच जीभ वेगळी विकत मिळते. ती आणा, खाचेत घाला, वर चिकटपट्टी मारा. आता दार सताड उघडं असलं तरी रोबोच्या लेखी ते बंद आहे. जीभ सुतळीने स्विचलाच बांधून ठेवा, म्हणजे ऑडिटवाले गेटवर आले की झटक्यात ओढून काढता येते. काही मुरलेले सेटर ती घरच्या किल्ल्यांच्या जुडग्यात ठेवतात. अशा माणसाला जपा. तो रजेवर गेला की उत्पादन निम्म्यावर येतं.

कोणी भाबडा विचारेल, असं करायचंच कशाला? त्याला फळ्यावरचा उत्पादनाचा आकडा दाखवा. पत्र्याचा अडकलेला तुकडा काढायला दहा सेकंद लागतात. पण दार उघडलं की रोबो थांबणार. मग दार लावा, रीसेट दाबा, अलार्म घालवा, हात मूळ जागी न्या, तिथून सायकल पुन्हा सुरू करा. तीन-चार मिनिटं गेली. पाळीत तुकडा वीस वेळा अडकला तर तासाभराचा माल गेला, आणि तो कोणाच्या ओव्हरटाइममधून वळता होणार हे सुपरवायझरने आधीच सांगून ठेवलेलं असतं. तुकडा इतक्यांदा का अडकतो, हे मात्र शोधू नका. डाय झिजलेली असते आणि तिला धार लावायची तर मशीन दिवसभर उभं राहतं.

म्हणून मालकाने "जीभ घाल" असं तोंडाने कधी म्हणायचं नाही. मालकाने फक्त फळ्यावर आकडा लिहायचा. जीभ आपोआप खाचेत जाते. मला या धंद्यातलं हे सर्वांत देखणं कौशल्य वाटतं: हुकूम कोणी दिलाच नाही आणि पाळला मात्र सगळ्यांनी.

४. पेंडंटचं बटण बांधून टाका.

रोबोला शिकवताना हातात पाटीसारखी जी वस्तू धरतात ती पेंडंट. तिच्या पाठीवर एक बटण असतं आणि ते फार हळवं आहे. बेताने दाबलं तर रोबो हलतो, सोडलं तर थांबतो, आणि घट्ट आवळलं तरी थांबतो. कारण दचकलेला माणूस एकतर हातातलं सोडतो, नाहीतर मूठ आवळतो, हे ते बनवणाऱ्याने आधीच ओळखलेलं असतं. माणसाच्या भीतीचा एवढा बारीक विचार क्वचितच कुठल्या बटणात झाला असेल. त्याला केबल टायने मधोमध आवळून टाका. बोटं दुखत नाहीत.

शिकवण्याच्या मोडमध्ये हाताचा वेग सेकंदाला २५० मिलिमीटरच्या वर जात नाही. एवढ्या सावकाश येणाऱ्या हातासमोरून माणसाला बाजूला होता येतं, म्हणून ती मर्यादा. पण बघताना कंटाळा येतो हो. तेव्हा ऑटोवर टाका आणि आत उभं राहून बघा, तेवढाच वेळ वाचतो.

५. हलत नाही म्हणजे बंद आहे, असं समजा.

नवशिक्यांना सर्वांत लवकर जमणारी पायरी ही. खरं तर उभा असलेला रोबो बऱ्याचदा कसल्यातरी सिग्नलची वाट बघत असतो. पत्रा आला का, एवढंच सांगणारा एक छोटा सेन्सर. त्याच्यासमोर तुमची बाही आली तरी तो आनंदाने "आला" म्हणतो.

या पायरीला मोठी परंपरा आहे. जानेवारी १९७९ मध्ये अमेरिकेत, मिशिगनमधल्या फोर्डच्या ओतकाम कारखान्यात एक कामगार मांडणीवर सुटे भाग काढायला चढला आणि भाग ने-आण करणाऱ्या यंत्राचा तडाखा त्याला मागून बसला. १९८३ मध्ये तिथल्या ज्यूरीने त्याच्या घरच्यांना १ कोटी डॉलर द्यायला सांगितले. १९८१ मध्ये जपानात, आकाशीच्या कावासाकी कारखान्यात, बिघडलेला रोबो बघायला एक जण कुंपणाच्या आत गेला. रोबो पूर्ण बंद झालेला नव्हता. ऑगस्ट २०१५ मध्ये आपल्या मानेसरला, वाहनांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात, २४ वर्षांचा कामगार सरकलेला पत्रा नीट करायला वेल्डिंगच्या रोबोजवळ गेला, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं. तीन देश, ३६ वर्षं, आणि तिघेही कंपनीचंच काम करत होते. तुमच्या हेल्परला वेगळं काही सुचेल अशी अपेक्षा कशाला ठेवता?

आयझॅक असिमॉव्हने १९४२ च्या एका कथेत रोबोंना तीन नियम घालून दिले. पहिला असा की माणसाला इजा करायची नाही. विक्रेता हे नियम तोंडपाठ म्हणून दाखवेल. तुमच्या कंट्रोलरमध्ये मात्र ते शोधू नका. त्या कपाटाला माणूस ही काय चीज आहे, हेच माहीत नसतं. त्याला ठाऊक सहा सांध्यांचे कोन आणि पुढचा बिंदू. वाटेत तुमची बरगडी आली तर मोटर थोडा जास्त करंट ओढते, एवढीच तुमची दखल.

आत जाण्यापूर्वी मेन स्विच पाडून त्याला स्वतःचं कुलूप घालावं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवावी, असं पुस्तकात असतं. आपल्याकडे कुलूप शटरला घालतात, तेही माणसं घरी गेल्यावर.

६. दसऱ्याला खबरदारी घ्या.

खंडेनवमीला मशीन धुऊन-पुसून झेंडूची माळ घालतात, तशी रोबोलाही घाला. हळदीकुंकू लावायला, माणूस आडवा आला की रोबो थांबवणारा पडदा-सेन्सर उत्तम, कारण त्याला चांगली चकचकीत काच असते. दुसऱ्या दिवशी काचेवरच्या कुंकवामुळे रोबो सुरूच होणार नाही. काच पुसू नका. सेन्सरच बायपास करून टाका, हा कायमचा इलाज. लिंबू-मिरचीसाठी पिवळ्या चौकटीतला लाल गोल टप्पोरा खटका फार सोयीचा पडतो. त्याला इमर्जन्सी म्हणतात. लिंबू वाळेपर्यंत तो कोणी दाबणार नाही, भक्तिभावाने.

७. कोबोट घेतलात तर निश्चिंत व्हा.

हा माणसाच्या शेजारी काम करणारा रोबो. धक्का लागला की थांबतो, म्हणून कित्येकदा पिंजरा लागत नाही. चाकणला बजाज ऑटोच्या लाइनवर असे हात माणसांबरोबर कधीचे काम करतायत. तुम्हीही घ्या. फक्त त्याच्या पंजात पत्रा कापायची धारदार सुरी द्या. हात नियमाप्रमाणे अगदी मऊ लागेल. सुरीचं प्रमाणपत्र कोणी मागत नाही.

८. पासवर्ड सगळ्यांना दिसेल असा लिहा.

कंट्रोलरवर स्टिकर चिकटवा, मार्करने लिहा. रात्री-अपरात्री बिघाड झाला तर सर्व्हिसवाला घरबसल्या दुरुस्त करू शकेल म्हणून लॅपटॉपवर दुरून चालवायचं सॉफ्टवेअर कायम उघडं ठेवा. वायफाय शेजारच्या गाळ्याचं वापरा. २०१७ मध्ये मिलानच्या पॉलिटेक्निकमधल्या आणि ट्रेंड मायक्रो कंपनीच्या संशोधकांनी नेटवर्कमधून कारखान्याच्या रोबोत शिरून दाखवलं: सरळ रेघ मारणाऱ्या हाताने किंचित वाकडी रेघ मारली आणि पडद्यावर सगळं आलबेल दिसत राहिलं. तुमच्याकडे ही भीती नाही. तुमची रेघ पहिल्यापासून वाकडीच येते, चोराला फरक कसा कळणार?

९. घरगुती वापरकर्त्यांनी निराश होऊ नये.

गाळा नाही म्हणून हिरमुसू नका. अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, जिथे जिथे जुनी चाळ पाडून टॉवर उभा राहिला, तिथे तळमजल्यावर एक दांडगा रोबो तुमची वाट बघत असतो. त्याला सगळे पझल पार्किंग म्हणतात. लोखंडी पाळण्यांवर गाड्या ठेवतो, बटण दाबलं की पाळणे वरखाली आणि आडवे सरकवतो. कोणीही त्याला रोबो म्हणत नाही, म्हणून त्याच्या सुरक्षेवर सोसायटीच्या वार्षिक सभेत चर्चाही होत नाही. ती पाहुण्यांच्या स्टिकरवर होते.

हे यंत्र वॉचमनच्या हवाली करा. वॉचमन एजन्सीचा असतो, दर दोन-तीन महिन्यांनी बदलतो. जाणारा येणाऱ्याला रात्रपाळीत पाच मिनिटं दाखवतो: "ये दबाओ ऊपर, ये दबाओ नीचे, ये मत दबाओ." तिसरं बटण कशाचं, हे दोघांनाही माहीत नसतं.

मग चौथ्या मजल्यावरचे काका नवी एसयूव्ही घेतात. बिल्डरने पाळणे बेतले तेव्हा काकांकडे छोटी हॅचबॅक होती. आता गाडीचं मागचं टोक पाळण्याबाहेर चार बोटं येतं, तिथला सेन्सर ते बघतो आणि यंत्र हलायचं नाकारतं. सकाळचे साडेआठ. मागे तीन गाड्या हॉर्न वाजवतायत, एका गाडीत शाळेचं दप्तर आणि रडवेली मुलगी. काका खाली उतरतात. "अरे, रोज जाते गाडी, आज काय झालं याला?" वॉचमन सेन्सरसमोर पुठ्ठ्याचा तुकडा धरतो, तिरका, थोडा डावीकडे, त्याला आता नेमका कोन सापडलाय. पाळणा उचलला जातो. आठवड्याभरात पुठ्ठ्याच्या जागी चिकटपट्टी येते, आणि महिन्याअखेरीला सेक्रेटरी मेंटेनन्सवाल्याला अभिमानाने सांगतात, "तुमच्या माणसाला न जमलेलं काम आमच्या वॉचमनने केलं."

गाडी वर जाण्यापूर्वी आत कोणी बसलेलं नाही ना, मागच्या सीटवर मूल झोपलेलं नाही ना, हे कोणी बघायचं? वॉचमनला वाटतं, गाडीवाला बघतो. गाडीवाल्याला वाटतं, सेन्सर बघतो. सेन्सरवर चिकटपट्टी आहे.

याउलट मेट्रोवाल्यांची उधळपट्टी बघा. अंधेरीहून दहिसरला जाणाऱ्या २अ आणि ७ या मार्गांच्या गाड्या चालकाशिवाय धावू शकतील अशा बनवल्या आहेत. तरी पुढे माणूस बसवलाय आणि फलाटाच्या कडेला काचेची दारं उभी केली आहेत. तुमच्या सोसायटीने असा पैसा उडवला असता तर मॅनेजिंग कमिटी पडली असती.

घरात केर काढणारा चपटा रोबो असेल तर तो बेडरूममध्येही सोडा, कॅमेऱ्यासकट. चाचणीसाठी घरोघरी दिलेल्या अशा यंत्रांनी टिपलेले फोटो, त्यात स्वच्छतागृहात बसलेल्या एका बाईचाही, बाहेर पडून समाजमाध्यमांवर गेल्याचं २०२२ मध्ये उघड झालं. २०२४ मध्ये अमेरिकेत काही घरांतल्या यंत्रांचा कोणा परक्याने ताबा घेतला आणि ती मालकांना शिव्या देत फिरू लागली. घाबरू नका, शिव्या इंग्रजीत होत्या. आजींना वाटेल, नातवाचा ऑनलाइन क्लास चालू आहे.

१०. आग लागली तर रोबो बोलवा.

मुंबई अग्निशमन दलाकडे आगीत शिरणारा रोबो आहे. २२ जुलै २०१९ ला वांद्र्याच्या एमटीएनएल इमारतीच्या आगीत तो उतरवला होता. गच्चीत अडकलेल्या लोकांना खाली आणलं ते शिडीवरच्या जवानांनी, पण बातमीत फोटो रोबोचा चांगला येतो. मरोळचं कामगार रुग्णालय, म्हणजे तुमच्या हेल्परचं चेपलेलं बोट जिथे न्यायचं ते, १७ डिसेंबर २०१८ ला पेटलं, तेव्हा हा रोबो अजून यायचा होता. वेळ साधायला शिका.

११. आता फाइल.

ही खरी मेहनतीची पायरी, म्हणून शेवटी ठेवली. ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो. बॅनर करून घ्या, पण त्यावर साल छापू नका. तोच पुढची पाच वर्षं चालतो. सगळ्यांना ओळीत उभं करून शपथ द्या, बिल्ले लावा, फोटो काढा. फोटोत मागे उघडं दार आणि त्यातली सुतळी येणार नाही, एवढं बघा. प्रशिक्षणाच्या रजिस्टरवर सह्या घेताना दोन-तीन रंगांची पेनं फिरवा. नवखे मालक एकाच निळ्या पेनाने चाळीस सह्या करतात आणि पकडले जातात.

कामगारांच्या विम्याची, म्हणजे ईएसआयची, घाई करू नका. सेफ इन इंडिया नावाची संस्था वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यांत बोटं गमावलेल्या कामगारांवर 'क्रश्ड' हा अहवाल काढत असते. पहिल्या दिवशी मिळायला हवं ते ईएसआयचं कार्ड कित्येकांना अपघातानंतरच मिळालं, असं त्यात पुन्हा पुन्हा येतं. म्हणजे पद्धत चांगली रुळलेली आहे, तुम्हाला नव्याने शोधायची गरज नाही.

चौकशीला काय बोलायचं, हे सुपरवायझरला आधी शिकवून ठेवा. डिसेंबर २०१७ मध्ये पवईच्या आयआयटीत टेकफेस्टला सोफिया नावाची रोबो साडी नेसून आली होती. नमस्ते वगैरे झालं, प्रश्नोत्तरं सुरू झाली आणि मध्येच ती गप्प झाली. तांत्रिक अडचण, असं सांगण्यात आलं. सुपरवायझरला हा व्हिडिओ दाखवा. इन्स्पेक्टरने "दार उघडं कसं राहिलं?" विचारलं की असंच थांबायचं.

अपघाताच्या नोंदवहीत 'कारण' असा रकाना असतो. तिथे दर वेळी हाताने लिहीत बसू नका, 'कामगाराचा निष्काळजीपणा' असा रबरी शिक्का करून घ्या. कंट्रोलर प्रत्येक घटना वेळेसकट लिहून ठेवतो, हे कोणीतरी चौकशीत सांगेल आणि तुमच्या पोटात गोळा येईल. येऊ देऊ नका. जीभ खाचेतच होती, तेव्हा त्या क्षणी दार बंद होतं, असंच कंट्रोलर सांगणार. बंद दारातून हेल्पर आत गेला कसा, हे कोडं समितीला सोडवू दे. तुम्ही दुसऱ्या पाळीतल्या हेल्परला स्टुलावर बसवा, मशीन सुरू करा आणि काल बुडालेला माल आजच्या आकड्यात मिळवून फळ्यावर लिहा.